मी काठावर बसणार नाही

२ मे

तळ्यावरचा बर्फ अजून पुरता फुटलेला नाही. माझा निर्णय मात्र पक्का झालाय. यंदा फक्त तरंगती माशी. गळाला पिसं आणि रेशमी दोरा बांधून केलेली, पाण्यावर अलगद उतरणारी. शिसं नाही, मणी नाही, बुडवाबुडवी नाही. आमच्या क्लबातली मंडळी हल्ली जड मण्यांच्या माश्या नदीच्या तळाशी खरवडत फिरतात आणि वर मान करून सांगतात की आम्ही फ्लाय फिशिंग करतो. मी त्याला विहिरीत पडलेली बादली काढणं म्हणतो.

ऑगस्टमध्ये राष्ट्रीय स्पर्धा. क्लबातून चौघं जाणार. त्याआधी तीन चाचणी फेऱ्या, त्यात पहिले चार येतील ते. क्लब निघाल्यापासून ओइवा कार्प्पिनेनशिवाय एकही संघ गेलेला नाही. म्हणजे माझ्याशिवाय. गेल्या वर्षी मी चौथा आलो, पण त्या दिवशी वारा होता.

गुडघ्याचं तसं काही नाही. नवी डॉक्टर म्हणाली, वाहत्या पाण्यात उभं राहणं आता बंद करा, एखाद्या दिवशी पाय दगा देईल. ही दक्षिणेकडची बाई. तिकडे वाहतं पाणी फक्त नळाला असतं.

हिल्का (माझी बायको) म्हणाली, मग यंदा काठावरून बघ की. पुलाजवळ रिटायर झालेले म्हातारे थर्मास घेऊन बसतात आणि पाण्यात उभ्या असलेल्या माणसांच्या चुका काढतात. ज्या दिवशी मी त्यांच्यात जाऊन बसेन, त्या दिवशी ओइवा गेला असं समजायचं.

१९ मे

अंगणात सराव. बादली ठेवून तिच्यात माशी टाकायची. पहिली फेक वाळत घातलेल्या चादरीत. दुसरी शेजाऱ्यांच्या झेंड्याच्या खांबाला. तिसरी माझ्याच टोपीत. टोपी बादलीपेक्षा लहान असते, म्हणजे अचूकपणा वाढतोय.

काउको आला होता. हिल्काचा धाकटा भाऊ, क्लबात पहिला नंबर, अर्थात मणी लावून. कॉफीचा कप घेऊन पायरीवर बसला. एरवी मला नावानं हाक मारतो, पण चिडवायचं असलं की दाजी म्हणतो आणि अहोजाहो करतो. म्हणाला, दाजी, जरा हळू, बादली घाबरलीय.

मी म्हणालो, बादली जागची हलत नाही म्हणून अवघड आहे. मासा निदान स्वतःहून येतो तरी.

हिल्का चादर परत धुवायला घेऊन गेली. दार जरा जोरात लागलं.

५ जून

नदीवर पहिला दिवस. बर्फाचं पाणी, जोर जबरदस्त, थंडी हाडात शिरणारी. छातीपर्यंतची रबरी विजार चढवली, गळाची काठी घेतली, आत शिरलो. मधल्या मोठ्या दगडामागे ग्रेलिंग मासे उभे असतात, हे मला कुणी सांगायला नको.

तिथे पोचायच्या जरा आधी मी नदीच्या तळाची पाहणी केली. जवळून. तळ गुळगुळीत आहे.

लोक याला पडणं म्हणतील. विजारीत पाणी भरलं की माणूस उभा राहायला थोडा वेळ घेतो, इतकंच. मी उठणारच होतो. तेवढ्यात काउको कुठून आला देव जाणे, त्याने मागून पट्टे धरले आणि मला बटाट्याच्या पोत्यासारखं काठावर ओढलं. त्याचं तोंड पांढरं फटक पडलं होतं. थंडीनं असेल.

त्याला सांगितलं, घरी बोलू नकोस. तो घरी बोलला.

१४ जून

पहिली चाचणी फेरी.

जोड्या चिठ्ठ्या टाकून ठरतात. जोडीतला एक गळ टाकतो, दुसरा त्याचा पंच. मासा आला की पंचाने तो पाण्याच्या पन्हळीत ठेवून मोजायचा, लिहायचा आणि सोडून द्यायचा. मग अदलाबदल. चिठ्ठ्या मार्यूत काढते. ती क्लबची अध्यक्ष, गावात तिचं केस कापायचं दुकान आहे. माझ्या नावापुढे कुणाची चिठ्ठी निघाली? काउकोची. गेल्या वर्षी काउको, त्याच्या आदल्या वर्षी काउको. एखाद्याचं नशीब इतकं खोटं असावं?

माझी पाळी. पहिल्याच तासात एक भला मोठा पाइक. सगळ्या नदीला ऐकू जाईल असा लढला. पण गुण फक्त ट्राउट आणि ग्रेलिंगला. मी मार्यूतकडे तक्रार केली. हा मासा नाही तर काय आहे? ती म्हणाली, ओइवा, पाइक धरायचा तर मग उद्या बदकही धरावं लागेल.

पुढे दोन पर्च. तेही धरत नाहीत. नियम कुणी केलेत ते बघायला हवं.

मग काउकोची पाळी. मण्याची माशी, बादली काढल्यासारखं खाली-वर, आणि ग्रेलिंगवर ग्रेलिंग. मी मोजतोय, लिहितोय, सोडतोय. वाकून वाकून कंबर धरली. एक गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नाही ती इथे लिहून ठेवतो: आज क्लबात सगळ्यात जास्त मासे माझ्या हातातून गेले.

क्रमांक: आठवा. आठच जण होते.

२२ जून

मिडसमर, उन्हाळ्याचा मोठा सण. काउकोच्या तळ्याकाठच्या घरी. सॉना म्हणजे वाफेची अंघोळ, सॉसेज, होळी पेटवायला ओली लाकडं.

सॉनात वरच्या फळीवर बसलो असताना काउको माझ्या गुडघ्याकडे बघत म्हणाला, दाजी, हा गुडघा आहे की सलगम? मी तापल्या चुलीवर इतकं पाणी ओतलं की वाफेनं त्याला खाली उतरावं लागलं. खालून म्हणाला, नावेतून तळ्यात टाक ना गळ, तिथेही ट्राउट आहेत. मी म्हणालो, पाण्याशी भांडण हरलेले लोक नावेत बसतात. मी उभा राहणार. नदीत. कमरेपर्यंत. तुम्ही सगळे मिळून मला बाहेर काढून दाखवा.

तो म्हणाला, काढलं की एकदा.

सगळे हसले. हिल्का हसली नाही. जेवताना तिने माझ्या ताटात सॉसेजचा जास्तीचा तुकडा वाढला. ती असं केव्हा करते ते मला माहीत आहे. माझी कीव केलेली मला चालत नाही. तुकडा खाल्ला.

३ जुलै

दुसरी फेरी. डास इतके की श्वास घेताना चावावे लागत होते. जोडी: काउको. मार्यूतच्या हाताला काय झालंय कळत नाही.

तरंगत्या माशीचा निर्धार कायम आहे. दुपारी एकदा माशी भिजून बुडाली. ती आपण होऊन बुडाली, मी फक्त तिला अडवलं नाही. तीच माशी ग्रेलिंगने घेतली. याला निर्धार मोडणं म्हणत नाहीत. मी काठी धरली होती, माशीचे निर्णय माशीचे.

ग्रेलिंग पन्हळीत ठेवला. काउको म्हणाला, लहान आहे, बोटभर कमी पडतोय. मी म्हणालो, शेपटी नीट दाब. तो म्हणाला, दाबलीय. मी म्हणालो, तोंड मिटलंय त्याचं, उघडलं की भरेल. तो म्हणाला, दाजी, मासा आहे, अकॉर्डियन नाही. मी म्हणालो, थंड पाण्यात सगळंच आखडतं. यावर त्याने माझ्याकडे बघितलं आणि मासा सोडून दिला.

क्रमांक: सातवा. एक जण आला नव्हता.

सगळं आता तिसऱ्या फेरीवर. गणित अवघड आहे, पण अशक्य नाही. पुढचे तिघं आजारी पडले तर अगदी सोपं आहे.

१६ जुलै

हे शांतपणे लिहायचं ठरवलंय.

तिसरी फेरी. जोडी कुणाशी ते लिहीत नाही.

आज नव्या माश्या घरी ठेवल्या आणि जुन्या डबीतली घेतली. पहिल्या वर्षाची, तपकिरी, पिसं थोडी कसरीने खाल्लेली. मधल्या दगडापर्यंत गेलो. पाय थरथरत होता, पण पाण्याखाली कुणाला दिसतं? पहिली फेक वाया. दुसरी अशी पडली की मलाच नवल वाटलं. पाणी नुसतं फुगलं, आणि मग दोर सणसणत निघाला.

ट्राउट. खरा. या नदीत वर्षानुवर्षं कुणी पाहिला नसेल असा. काउको सोबत पाण्यात उतरला, जाळी घेऊन माझ्या अगदी मागे उभा. एकदाही थट्टा केली नाही. मासा जाळीत आला तेव्हा त्याने जाळी दोन्ही हातांनी धरली. मोजला. लिहिलं. माशाने शेपटी मारून आम्हाला दोघांना भिजवलं आणि गेला.

एवढ्या एका माशावर मी संघात आलो होतो.

मग काउको हळूच म्हणाला, गळाचा उलटा काटा दाबून टाकला आहेस ना? नियम आहे, मासा सोडताना जखम होऊ नये म्हणून गळाला उलटा काटा ठेवायचा नाही. विचारून त्याने नदीकडे तोंड फिरवलं. गळाकडे बघितलंसुद्धा नाही. मी हो म्हणालो असतो तर विषय संपला होता.

पण हे मला विचारतो? मला? याच्या मिशा फुटायच्या आधीपासून मी काटे दाबतोय. मी म्हणालो, बघ, नीट बघ, पंच आहेस ना, डोळे उघडून बघ. आणि तपासायची रीत आहे तसा गळ माझ्याच लोकरी स्वेटरच्या बाहीत खुपसला. काटा नसला की गळ लोण्यातून काढल्यासारखा बाहेर येतो.

आला नाही.

मी ओढला. बाही लांब झाली. आणखी ओढला. काउको म्हणाला, राहू दे रे. शेवटी मार्यूत काठावरून विचारायला लागली की तिकडे काय चाललंय.

मासा बाद. बाही घरी हिल्काने कात्रीने कापली. तो नियम येण्याआधीची माशी होती. कुणालाही होईल अशी चूक.

१८ जुलै

क्लबाची बैठक. मी संघात नाही. मार्यूतने नावं वाचली आणि माझ्याकडे न बघता कॉफी ओतली.

मी उभा राहिलो. म्हणालो, मी साधा सदस्य म्हणून गेलो नाही तरी माझी हरकत नाही, पण अनुभवाशिवाय संघ म्हणजे काय? कॅप्टनची जागा रिकामी आहे. आर्मास स्पेनला उन्हात राहायला गेला. मी कॅप्टन म्हणून जाईन, नाहीतर क्लब सोडीन. आत्ता, इथे, या खुर्चीवरून उठून.

माझं बोलणं पुरतं संपायच्या आत काउकोचा हात वर. मग सगळ्यांचे. मार्यूतने लिहूनही टाकलं. सॉनाच्या नव्या चुलीचा ठराव दोन वर्षं रेंगाळलाय आणि हा एका कपाच्या आत पास. माणसाने एकदा ठामपणे बोलायचं, बस.

एक गोष्ट आर्मासबद्दल. इतकी वर्षं कॅप्टन होता, पण राष्ट्रीय स्पर्धेत त्याने एकही मासा पकडलेला मला आठवत नाही. सदा काठावर फिरताना दिसायचा. आळशी माणूस. मी दाखवून देईन कॅप्टन कसा असतो.

घरी सांगितलं. हिल्का इतकी खूश झाली की तिने दालचिनीचे पाव केले. भर आठवड्यात!

४ ऑगस्ट

तयारी. नवी रबरी विजार. दोन काठ्या. माश्या नव्याने बांधल्या, प्रत्येकीचा काटा पक्कडीने दाबला, मग हातोडीने, मग पुन्हा पक्कडीने. तीन मोडल्या.

हिल्का म्हणाली, घडीची खुर्ची घे बरोबर. मी विचारलं, कशाला? ती म्हणाली, लागेल. मी म्हणालो, नदीत खुर्ची? ती काहीतरी बोलणार होती, पण मग पाव बघायला ओव्हनकडे गेली.

काउकोने विचारलं, दोन काठ्या कुणासाठी? मी म्हणालो, एक माझ्यासाठी, एक तुझी मोडली तर. त्याने दोन्ही काठ्यांकडे बघितलं. मग म्हणाला, नियम एकदा वाचून घे. मी म्हणालो, मी नियम वाचत नाही, मी नियम जगतो.

१० ऑगस्ट

पोचलो. इथली नदी आमच्या नदीच्या दुप्पट रुंद. सगळे संघ, सगळ्यांच्या गाड्या. मला निळं जॅकेट मिळालं, बाकी चौघांना पिवळी. उठून दिसतं.

संध्याकाळी सामन माशाच्या सुपाबरोबर छोटं भाषण केलं. उद्या मी पुढे असेन, माझ्या मागे या, असं सांगितलं. चौघांनी ताटात बघितलं. भारावले असावेत.

११ ऑगस्ट

माझी फसवणूक झाली आहे.

सकाळी शिट्टी वाजायच्या आधी मी पाण्यात उतरलो, मांडीपर्यंत. पलीकडून एक पंचबाई कर्णा घेऊन आली. निळं जॅकेट, कॅप्टन, कृपया पाण्याबाहेर या. मी म्हणालो, मी या संघाचा कॅप्टन आहे. ती म्हणाली, म्हणूनच. कॅप्टनने गळ टाकायचा नसतो. काठावर उभं राहा, फिरा, आपल्या माणसांशी बोला, कॉफी प्या. पाण्यात पाय नाही.

मी विचारलं, हे केव्हापासून? ती म्हणाली, नेहमीपासून.

कर्ण्यात. दोन्ही काठांवर ऐकू गेलं.

मार्यूत धावत आली. मी म्हणालो, मला सांगितलं का नाही? ती म्हणाली, ओइवा, तू दरवर्षी येतोस रे. आम्हाला काय माहीत तुला माहीत नाही म्हणून? मग म्हणाली, आणि माहीत नाही हे कळल्यावर सांगायला कुणाची छाती झाली नाही.

काउकोला माहीत होतं. हिल्काला माहीत होतं. दालचिनीचे पाव! खुर्ची! तिने खुर्ची गाडीत टाकलीच होती. मी तिच्यावर बसलो नाही. अख्खा दिवस उभा राहिलो, गुडघा भोपळा झाला तरी.

ठरवलं की एक शब्दही बोलायचा नाही. काढा आपापले मासे. पहिल्या वीस मिनिटांत काउकोचा दोर बर्चच्या फांदीत अडकला. मग मात्र राहवेना. तेव्हापासून संध्याकाळपर्यंत ओरडत होतो. डावीकडे टाक! दगडामागे! अरे तो फेस बघ, फेस! आता आवाज बसलाय. हे सगळं रागानं केलं, मदत म्हणून नाही.

१२ ऑगस्ट

तिसरे आलो. कांस्य. क्लबाच्या इतिहासातलं पहिलं पदक, आणि वैयक्तिक यादीत काउको दुसरा. इतकी वर्षं गेलो, कधी मधल्या फळीच्या वर आलो नव्हतो. यंदा फरक काय होता ते उघड आहे. यंदा कॅप्टन होता.

फोटोत मी मध्यभागी आहे. आवाज नसल्यामुळे मुलाखत देता आली नाही.

१३ ऑगस्ट

परतीची वाट. काउको चालवत होता, मी शेजारी. मागे सगळे झोपलेले. घसा थोडा सुटला होता, म्हणून म्हणालो, बघितलंस? माझ्या सांगण्याचा किती उपयोग झाला.

काउको म्हणाला, मला एक शब्द ऐकू आला नाही. त्या नदीचा आवाज माहीतेय ना तुला.

मी विचारलं, मग एवढे मासे आले कसे?

रस्त्यावर रेनडियर उभे होते, ते बाजूला होईपर्यंत गाडी थांबली. तेव्हा म्हणाला, कारण पहिल्यांदाच पूर्ण वेळ मी माझ्या दोराकडे बघत होतो.

मला कळलं नाही. म्हणालो, एरवी कुठे बघतोस?

तुझ्याकडे, तो म्हणाला. तीन वर्षांपासून. तुझा पाय पहिल्यांदा घसरला तेव्हापासून. पुढच्या फेकीला जातोय की प्रवाहात, ते बघत असतो. राष्ट्रीय स्पर्धेत नदीतले आपले टप्पे वेगळे पडतात, मग तुझ्या दिशेनं कान लावून उभा राहतो. आणि तुझ्या-माझ्या चिठ्ठ्या वगैरे काही नसतात, ओइवा. मीच मार्यूतला सांगतो, याला माझ्या जोडीत दे म्हणून. ताईला मी शब्द दिलाय.

या वेळी त्याने दाजी म्हटलं नाही.

मी रेनडियरकडे बघत राहिलो. इतकी वर्षं मी समजत होतो की हा मला हरवायला उभा आहे. आणि हा जाळी घेऊन माझ्यासाठी उभा होता. माझ्यामुळे याची तीन वर्षं गेली, याला पदक मिळू शकलं असतं, आणि मी याच्या मोजण्यात चुका काढत बसलो. लाज वाटली. मग राग आला, मला न विचारता मला सांभाळलं म्हणून. मग रडू आलं. गाडीत डास नव्हते, त्यामुळे डोळे चोळायला काही कारणही सांगता येईना. काउकोने आरसा नीट करायला बराच वेळ लावला.

घरी हिल्का दारात उभी होती. तिने कोट काढून घेतला आणि माझा हात थोडा जास्त वेळ धरून ठेवला.

२० ऑगस्ट

राजीनामा द्यायचा ठरवलं. कॅप्टनपदाचा. मला कुणी बाहुलीसारखं काठावर मांडून ठेवायचं नाही. पुढच्या वर्षी चाचणी फेरीत उभा राहीन, गुडघ्याला पट्टा बांधून, आणि पंच म्हणून काउको सोडून कुणीही चालेल. वाक्यं पाठ केली. कडक होती.

मार्यूतच्या दुकानात गेलो, वरच्या मजल्यावर. ती एकीच्या केसांना रंग लावत होती. मी तोंड उघडायच्या आधीच म्हणाली, बरं झालं आलास, पुढच्या वर्षीसाठी पोरांनी तुझंच नाव दिलंय, कॅप्टन म्हणून, चौघांनी. हो की नाही ते सांग, मला कळवायचंय.

मी म्हणालो, अशा गोष्टी घाईनं ठरत नसतात. मला विचार करायला वेळ लागेल. माझ्या काही अटी आहेत. आठवडाभरात सांगेन.

ती म्हणाली, ठीक आहे.

जिना उतरलो. खाली दारापर्यंत गेलो. परत वर चढलो, मध्ये एकदा गुडघ्यासाठी थांबलो, आणि हो म्हणून आलो.